बोटाच्या पेराएवढी भाकर

सोमवार, ९ जून २०२५

ही डायरी पतसंस्थेनं जानेवारीत फुकट दिली होती. पाच महिने कपाटावर पडून होती. आजपासून लिहायची, कारण नगरच्या डॉक्टरीणबाईंचा तसा हुकूम आहे. दिवसभरात जे जे तोंडात जाईल ते लिहायचं, खाज किती ते लिहायचं आणि काही सोडायचं नाही. छत्तीस वर्षं शाळेत मी पोरांना असंच दटावत आले. आता माझी पाळी.

दुखणं तीन वर्षांचं आहे. दोन्ही कोपरं, मनगटाच्या वरचा भाग आणि गुडघे यांवर बारीक पुळ्या येतात, त्यात पाणी धरतं आणि अशी खाज सुटते की माणूस रडकुंडीला येतं. खरूज म्हणून गंधकाचं मलम झालं, शेजारच्या भागूबाईचा कडुलिंबाचा पाला झाला, गावातल्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली. शेवटी या बाईंनी कातडीचा एवढासा तुकडा काढून तपासायला पाठवला. रोगाचं नाव लांबलचक आहे, कागदावर आहे. मूळ म्हणे पोटात आहे. गव्हात ग्लुटेन म्हणून काहीतरी चिकट असतं, ते माझ्या शरीराला सोसत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट सगळं बंद, आणि जन्मभर बंद. एक गोळी दिली आहे. तिनं खाज दबेल, पण ती रक्त कमी करते म्हणून फार दिवस देता येणार नाही. तोवर पथ्यानं गुण यायला हवा.

मी एवढ्या मुकाट्यानं ऐकलं त्याचं कारण इथंच लिहून ठेवते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत वाटायची प्रभुभोजनाची भाकर अठ्ठावीस वर्षं मी करते. माझ्या आधी सासूबाई करायच्या. महिन्याचा पहिला रविवार असतो. आदल्या शनिवारी आंघोळ करून, डोक्याला फडकं बांधून, त्या कामापुरत्याच वापरायच्या पितळी परातीत गव्हाचं पीठ मळायचं. मीठ नाही, खमीर नाही. एक भाकर पाळक साहेबांनी मोडायची आणि दोन भाकरींचे मी तुकडे करते, बोटाच्या पेराएवढे. मागच्या महिन्यात पंच कमिटीतल्या काकासाहेबांनी पाळक साहेबांच्या कानावर घातलं की रूथबाईंच्या हाताला काहीतरी झालंय, लोक कुजबुजतात. पाळक साहेब भले आहेत. घरी आले, चहा घेतला, उसाच्या भावावर बोलले आणि मग म्हणाले, "बाई, काही दिवस विश्रांती घ्यायची का?"

मी सांगितलं, नाताळापर्यंत हात बरे करून दाखवते, नाहीतर परात तुम्ही म्हणाल तिच्या घरी पोचती करते. असं बोलून तर बसले आहे. माझ्याकडून ते काम गेलं तर मला सोसणार नाही.

खाल्लं: बाजरीची भाकरी, शेपू, ताक, भात. खाज: खूप.

बुधवार, ११ जून

चहात बुडवायला काही नाही. नुसता चहा औषधासारखा लागतो.

घरात आम्ही चौघं. हे, म्हणजे शलमोन, साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले. मुलगा जॉन सुप्याला कंपनीत आहे, त्याच्या पाळ्या बदलत असतात. सून निकिता, लग्नाला तीन वर्षं झाली, माहेर आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं. घरी शिलाई करते. बोलते कमी, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत नाही आणि न कळलेलं मला आवडत नाही. आज तिनं ज्वारी-बाजरीच्या पिठाला नवा डबा आणला आणि त्यावर मार्करनं ‘मम्मी’ असं लिहिलं. तवाही वेगळा केला. माझ्या नावाचा डबा पाहून हे हसले.

खाल्लं: ज्वारीची भाकरी, मटकी, भगर, एक केळं. खाज: खूप.

शुक्रवार, २७ जून

गोळी लागू पडली. खाज चार आणे राहिली आहे. पथ्य मी काटेकोर पाळते. परवा भागूबाईकडे नातवाच्या वाढदिवसाचा केक होता, मी हातही लावला नाही.

निकिता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनानं बारीक टिंबं काढते. दुधाची असतील. दूधवाल्याची खाडे करायची सवय जुनीच आहे.

खाल्लं: पिठलं, बाजरीची भाकरी, कांदा, भात, आमटी. खाज: थोडी.

शनिवार, ५ जुलै

दुपारी भाकर केली. परात घासून उन्हात ठेवली तेव्हा निकिता मागे येऊन उभी राहिली. "मम्मी, ह्या वेळी मी मळू का? तुमच्या हाताला तरास नको."

मी म्हणाले, "माझ्या हाताला काही त्रास नाही." ती गेली. पण मी काही कालची पोर नाही की मला कळू नये. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाच त्यांनी परात माझ्या हाती दिली, त्याआधी मी कधी मागितली नव्हती. हिला तीन वर्षांत हवी.

पीठ छान मळलं गेलं. भाजल्यावर नेहमीप्रमाणे कड मोडून चाखून पाहिली, आत कच्ची नाही ना म्हणून. मग तुकडे करून पांढऱ्या रुमालात बांधले. मनुका उकळून द्राक्षरसही झाला.

खाल्लं: ज्वारीची भाकरी, वांगं, ताक. खाज: थोडी.

रविवार, ६ जुलै

प्रभुभोजन झालं. पाळक साहेबांनी उपदेश अर्ध्या तासात आटपला, त्यामुळे सगळे खूश होते. उरलेले तुकडे टाकायचे नसतात. भाकर जिच्या घरची तिनं ते घरी नेऊन संपवायचे असा सासूबाईंपासूनचा रिवाज आहे. पंधरावीस असतील. दुपारी दारात बसून एकटीनंच संपवले. मला तो वेळ फार आवडतो. तेवढ्यात मी कुणाशी भांडत नाही.

खाल्लं: मटण, बाजरीची भाकरी, भात. खाज: थोडी.

बुधवार, ९ जुलै

डाव्या कोपरावर सात नव्या पुळ्या. कळत नाही.

खाल्लं: मुगाची आमटी, भात, ज्वारीची भाकरी. खाज: बरीच.

गुरुवार, २४ जुलै

हात आरशासारखे नाहीत, पण पुष्कळ बरे. डॉक्टरीणबाईंनी गोळी अर्ध्यावर आणली, कारण रक्त कमी झालंय. आता पथ्याची खरी परीक्षा, असं म्हणाल्या. रविवारी उपासनेला मी मुद्दाम आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला होता. काकासाहेबांच्या घरच्या मंडळींनी दोनदा पाहिलं. पाहू दे.

खाल्लं: नाचणीची भाकरी (निकितानं केली, तिच्या माहेरची पद्धत), मेथी, भात. खाज: नाही!

रविवार, ३ ऑगस्ट

पहिला रविवार. काल निकितानं पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. आज मंडळी कमी होती, पाऊसपाणी आणि खुरपणीचे दिवस, त्यामुळे तुकडे बरेच उरले. सगळे संपवेपर्यंत मान अवघडली.

खाल्लं: कोंबडी, भाकरी, भात. खाज: नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट

दोन्ही कोपरं पेटली आहेत. उजव्या गुडघ्यावर पुळ्यांचा घोस आहे. काल रात्रभर झोप नाही.

आज मी बोलायला नको ते बोलले, किंवा बोलायलाच हवं ते बोलले, अजून ठरत नाही. सकाळी निकिता यांच्या चपात्या लाटत होती आणि त्याच ओट्यावर माझी भाकरी थापायला घेतली. मी म्हणाले, "चपातीचं पीठ हाताला तसंच ठेवून माझी भाकरी थापतेस. मी मेले की परात तुझीच आहे, तोवर थांबवत नाही का?"

तिचे हात तिथेच थांबले. "मम्मी, मी हात धुते. दोनदा धुते."

"मग हे काय आहे?" मी कोपर तिच्यापुढे केलं.

तिनं पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ओठ हलले, पण "न्हाई मम्मी," एवढंच म्हणाली आणि गॅस बंद करून मागच्या दाराला गेली. हे चपात्यांच्या दुरडीकडे बघत बसले होते. मला म्हणाले, "रूथ, लई बोललीस." मी म्हणाले, तुमच्या अंगाला खाज नाही, तुम्ही गप्प बसा.

खाल्लं: भाकरी अर्धी. खाज: खूप.

रविवार, १० ऑगस्ट

घरातून गव्हाचा डबा नाहीसा झाला. चपाती नाही, शेवया नाहीत, जॉनच्या डब्यालाही भाकरीच. विचारलं तर निकिता म्हणते, "आता आमीबी भाकरीच खानार." असा राग काढायची ही नवी तऱ्हा. जॉन कुरकुरला, पण बायकोपुढे काही चालत नाही. हे मात्र चार घास जास्त जेवले आणि म्हणाले, "आमच्या आईच्या हातची आठवली."

बघू किती दिवस टिकतं.

खाल्लं: बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगा, भात. खाज: बरीच.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

अजून टिकलं आहे. हात पुन्हा बरे होत आले. म्हणजे माझंच खरं होतं, दोष तिच्या चपात्यांचा. हे मी बोलून दाखवलं नाही, तेवढा मोठेपणा माझ्यात आहे.

खाल्लं: भात, हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी. खाज: थोडी.

मंगळवार, ९ सप्टेंबर

रविवारी प्रभुभोजन झालं आणि आज पुन्हा तेच. आता काय म्हणावं? घरात महिनाभर गव्हाचा दाणा आलेला नाही. मी त्या कामासाठी किलोभर पीठ वेगळ्या पिशवीत ठेवते तेवढंच, आणि त्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

मग निकिताचा दोष कसा? हा प्रश्न दुपारभर डोक्यात होता. मला तो आवडला नाही. संध्याकाळी एकदम उमजलं की दोष गिरणीचा.

खाल्लं: वरणभात, भाकरी. खाज: खूप.

बुधवार, १० सप्टेंबर

छगनच्या गिरणीत गेले. छगन माझ्या हाताखाली चौथी शिकला, तिथंच थांबला. मी विचारलं, "गव्हावर माझी ज्वारी दळतोस का?"

"बाई, आदल्याचं थोडं राहतंच की दगडात. समद्यांचंच राहतं. आजवर कोन मेलं न्हाई."

"मी मरतेय."

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि पट्टा बंद केला. नंतर कळलं की निकिता जूनमध्येच त्याच्याकडे येऊन गेली होती. सोमवारी सकाळी दगड घासून साफ केला की पहिलं दळण आमचं, आणि त्यातलंही पहिलं शेरभर कोंबड्यांना. "तुमच्या सूनबाईनं तवापासनं नेमच घातलाय. मी म्हन्लं बाईंनीच सांगितलं आसंल."

मी म्हणाले, हो, मीच सांगितलं होतं. विद्यार्थ्यापुढे खोटं बोलले, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

म्हणजे गिरणीही नाही. मग काय?

खाल्लं: काही लक्षात नाही. भात असेल. खाज: खूप.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सगळ्यात वाईट. रविवारी ठीक होते, आज बाही दंडाला टेकवत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी काकासाहेब माझ्या हातातून ताट घेताना थबकले होते. ते मी पाहिलं आणि त्यांनीही पाहिलं की मी पाहिलं.

मनात नाही नाही ते येतं. देवाच्या मनातून उतरले का? निकिताला बोलले ते भोवतंय का? पण पुळ्या त्याआधीपासूनच्या आहेत, तेव्हा तसं म्हणता येत नाही.

निकिता आज आपणहून बोलली. "मम्मी, डायरी घिऊन डॉक्टरकडं जाऊ. समदी पानं दावा त्यांना. नुसत्या खान्याच्या ओळी नकं." हिला काय माहीत डायरीत दुसरं काय असतं? तू वाचतेस का म्हणून विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. खरं वाटलं.

खाल्लं: भात, ताक. खाज: लिहवत नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

एसटीनं नगरला गेलो, मी आणि निकिता. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. गोळी वाढवता येणार नाही, उलट बंदच करावी लागेल. मग डायरी घेतली. मला वाटलं चाळतील, पण त्यांनी चष्मा बदलून पानन् पान वाचलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत होते. ऑगस्टचं पान आलं तेव्हा वाटलं, डायरी ओढून घ्यावी.

मग त्यांनी पेन्सिलीनं चार ठिकाणी खुणा केल्या. "जुलै नऊ, ऑगस्ट सात, सप्टेंबर नऊ, ऑक्टोबर आठ. बाई, तुमच्याकडे पहिल्या रविवारी काय असतं?"

"प्रभुभोजन."

"त्यात काय देतात?"

"भाकर. एवढीशी." मी बोटाचं पेर दाखवलं.

"कशाची?"

निकिता जमिनीकडे बघत होती.

"आणि उरलेले पंधरावीस तुकडे तुम्ही खाता. आदल्या दिवशी कड खाता. कोरडं पीठ मळता, ते नाकातोंडात जातं. यातलं एकदाही ‘खाल्लं’ या शब्दापुढे लिहिलेलं नाही."

मी म्हणाले, "ते खाणं नाही, डॉक्टर."

त्या हसल्या नाहीत. चांगल्या आहेत. म्हणाल्या, "तुमच्यासाठी नसेल. पण तुमच्या पोटाला ते कळत नाही."

येताना एसटीत निकितानं मला खिडकीची जागा दिली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

कॅलेंडर काढून जूनपासून पाहिलं. टिंबं दुधाची नाहीत. मी ज्या ज्या दिवशी खाजवत होते त्या त्या दिवसाखाली टिंब आहे. दर महिन्याला पहिल्या रविवारनंतर टिंबांची रांग, मग मोकळं, मग पुन्हा रांग.

निकिता भांडी घासत होती. विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"आगस्टात वाटाया लागलं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं नळ बंद केला. "कसं बोलू मम्मी? प्रभूच्या मेजावरचं खाऊन तुमाला बाधतंय, असं सुनंनं म्हनायचं? आन् तुमी म्हनला असता, हिला परात पायजे."

मी तसंच म्हटलं असतं. म्हणजे तसंच म्हटलं होतं, हिच्या तोंडावर, आणि तेव्हा तिच्या ओठांवर हेच आलेलं असणार. चपात्या बंद केल्या तो राग नव्हता. घरात गहूच नसला म्हणजे मला खरं कारण आपलं आपण दिसेल, एवढंच तिला करता येत होतं. आणि मी गिरणीत जाऊन बसले.

मला फार लाज वाटते. ‘क्षमा कर’, एवढे दोनच शब्द, ते काही तोंडातून फुटेनात. छत्तीस वर्षांत माझ्याकडून कोणाला ते ऐकायला मिळालेले नाहीत.

खाल्लं: भात, आमटी. खाज: बरीच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

पाळक साहेबांकडे जाऊन परात देऊन टाकते म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. ते कपाळ चोळत म्हणाले, "बाई, भाकर निकितानं करावी. आणि तुमच्यासाठी एका लहान वाटीत बाजरीचा तुकडा वेगळा ठेवू. धान्य कोणतं असावं असं काही लिहिलेलं नाही."

त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. पण ‘वेगळी वाटी’ म्हटल्यावर मला माझी आजी आठवली. ती सांगायची, बाजारच्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप बाहेर कठड्यावर पालथा असायचा. चहा वरून ओतायचे आणि कप आपणच विसळून ठेवायचा. आजीचे वडील मंडळीत आले ते काही उपदेश समजून नाही. पहिल्या दिवशी एकच ताट सगळ्यांपुढून फिरलं, ते पाहून आले. घरात ही गोष्ट शंभरदा ऐकलेली आहे. आता चौथ्या पिढीत मीच कठड्यावरचा कप होऊ?

मी म्हणाले, "साहेब, वेगळी वाटी नको. मी नुसती बसेन. रस घेईन." एवढं बोलून उठले. घरी येऊन रडले. निकिता दारात होती, तिनं ऐकलं असावं. मीच यांना सगळं मोठमोठ्यानं सांगत होते.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

गोळी बंद होऊन अठरा दिवस झाले आणि तरी हात बरे आहेत. गव्हाचा कणही नाही म्हणून. आनंद व्हायला हवा.

आज तयारीची उपासना होती. पाळक साहेब दर वेळी सांगतात की कोणाशी अबोला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर आधी समेट करा आणि मगच मेजाजवळ या. अठ्ठावीस वर्षं हे ऐकताना मी काकासाहेबांकडे बघत आले. आज ते वाक्य माझ्याकडे बघत होतं. निकिता दोन बाकं मागे बसली होती. परत येताना रस्त्यात बोलायचं ठरवलं होतं, तर भागूबाई बरोबर आली आणि घरापर्यंत तिच्या गुडघ्यांवरच बोलली.

खाल्लं: ज्वारीची भाकरी, भेंडी, भात. खाज: नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

परात आज निकिताच्या हाती दिली. पिठाची धूळ उडते म्हणून मला स्वयंपाकघरात मज्जाव. बाहेर पडवीत खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच सूचना दिल्या. पाणी बेताचं घाल. मीठ नको. झाकून ठेव.

मग आतून थप थप आवाज यायला लागला. मी ओरडले, "अगं, ती लाटायची असते, थापायची नसते!" आवाज चालूच. हे म्हणाले, "रूथ, तू आज गप बसायचं." ते कधी असं बोलत नाहीत. पोरीला एवढंही ठाऊक नाही, उद्या तुकडे कसे पडणार कोण जाणे. मंडळीपुढे फजिती होणार, आणि नाव माझ्या घराचं जाणार. मी शिकवलं असतं तर आलं असतं, पण मी कधी जवळ येऊ दिलं?

चार वाक्यं जुळवून ठेवली होती. संध्याकाळी तिनं चहा आणला तेव्हा चारही विसरले. म्हणाले, "साखर कमी आहे."

खाल्लं: भात, पिठलं. खाज: नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

सावकाश लिहिते.

ताट रुमालानं झाकून मेजावर होतं. मी नेहमीच्या पहिल्या बाकावर, भागूबाईच्या शेजारी. पाळक साहेबांनी शांत राहून मनाची पारख करायला सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मला मिटता येईनात. मी उठले. मागे वळून दोन बाकं ओलांडून निकितापाशी गेले. चपलांचा आवाज फार झाला, लोकांनी डोळे उघडले. मी हळू बोलणार होते, पण माझा आवाज वर्गातला आहे.

म्हणाले, "निकिता, माझं चुकलं. तू माझ्यासाठी सगळं केलंस आणि मी तुला नाही ते बोलले. मला क्षमा कर."

ती घाबरून उभीच राहिली. "मम्मी, बसा की," म्हणाली आणि माझा हात धरला, कोपराजवळ, जिथं पुळ्या असायच्या तिथं. मला खाली बसवलं आणि आपल्या शेजारी जागा केली. मी तिथंच बसले. पुढचं बाक आयुष्यात पहिल्यांदा मागून पाहिलं.

मग पाळक साहेबांनी रुमाल काढला. एकच मोठी भाकर होती, पांढरी, कडेला तडकलेली, मधे तव्याचा डाग. ज्वारीची. दुसरं काही ताटात नव्हतं आणि मेजावर वाटीही नव्हती. ते म्हणाले की पंच कमिटीनं ठरवलं आहे, यापुढे आपल्या मंडळीत सगळ्यांना हीच. काकासाहेब मान खाली घालून होते. साहेबांनी भाकर मोडली तेव्हा कट्ट असा आवाज झाला, शेवटच्या बाकापर्यंत गेला.

ताट आमच्या बाकाशी आलं. निकितानं घेतलं, मी घेतलं, पलीकडच्या पोरानं घेतलं. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे तुकडा कोणता उचलला ते दिसलं नाही. कोणताही चालणार होता.

बाहेर आल्यावर भागूबाई म्हणाली, "बाई, आज पयल्यांदा दाताखाली कायतरी आलं बघा." काकासाहेब जवळ येऊन म्हणाले, पुढच्या महिन्याला आमच्या घरची ज्वारी पाठवतो. माझ्या हातांकडे त्यांनी पाहिलं नाही, मीही दाखवले नाहीत.

घरी आल्यावर निकितानं परात घासून माझ्यापुढे ठेवली. "ज्वारी तुमच्या हाताला चालती. पुढल्या म्हैन्याला तुमीच करा. परात तुमचीच हाय."

मी म्हणाले, "तू थाप, मी भाजते."

उरलेले तुकडे दुपारी दारात बसून दोघींनी संपवले. तिला ते फार कोरडे लागले, मला नाही.

डॉक्टरीणबाईंनी काही सोडायचं नाही म्हणून सांगितलं आहे.

खाल्लं: सकाळी भगर आणि चहा. दुपारी मटण, भात आणि उरलेले तुकडे. साडेदहाला ज्वारीची भाकर, बोटाच्या पेराएवढी, सगळ्यांच्या ताटातली. खाज: नाही.